आवक-जावक

रजिस्टर कंपनीचं आहे, हे आधी कबूल करतो.
हिद्दच्या गोदीत, आमच्या स्टोअरला आलेलं,
व्हॉल्व, गॅस्केट, नटबोल्टांच्या हिशेबासाठी.
उजवीकडून उघडणारं.
मी डावीकडून उघडलं.
त्यांचं शेवटचं पान ते माझं पहिलं.

छापील रकाने होते तेच ठेवले :
क्रमांक, आवक, जावक, शिल्लक, वजन, शेरा.
कादंबरीला वजनाचा रकाना कशाला,
असं इथं कुणी विचारत नाही.
तीस किलोंत माणसाला अख्खं घर कोंबायचं असतं.
त्यात साडेचारशे ग्रॅम माझ्यासाठी उचलायचे
म्हणजे तेवढंच लोणचं कुणाच्या तरी ओट्यावर राहणार.
म्हणून लिहून ठेवतो.

क्र. ७. आवक : फिरोजा मुकादम, नर्स, सलमानिया.
वजन ३१०. पानांना स्पिरिटचा वास.
दोन रात्रींत संपली.
शेरा : नायिका उगाच रडते.
खाली, काही वर्षांनी, दुसऱ्या शाईत :
उगाच नाही.

क्र. १९. गुदैबियाच्या कोल्ड स्टोअरमध्ये
मालक तिच्यात शेंगदाणे बांधत होता.
शंभर फिल्स देऊन सोडवली.
तोवर शेवटची सोळा पानं गिऱ्हाइकांबरोबर गेलेली.
चिपळूणच्या मेहुण्याला फोन लावला,
वाचनालयातून काढ, शेवट वाचून दाखव.
तो वाचत होता, मधेमधे खोकत,
नायक निकाल ऐकायला उठून उभा राहिला
आणि माझं कार्ड संपलं.
शेरा : निकाल राखून ठेवला.

आवक कायम वाचनाच्या पुढे धावते, हा रोगच आहे.
शिल्लक वाढली की स्टोअरकीपरला घाम फुटतो,
मला झोप लागते.
बंकखाली न वाचलेल्या तेवीस,
म्हणजे आणखी तेवीस शुक्रवार निघतील.

दर वेळी थांबतो तो क्र. ६४ वर.
आवक : प्रल्हाद खडपे, वेल्डर, खालचा बंक.
वजन ५२०. निळी कापडी बांधणी,
आत शाळेचा शिक्का, म्हणजे ढापलेली.
ओळीखाली बोट धरून वाचायचा, ओठ हलवत,
आर्कने डोळे भाजले की
फडक्यात बर्फ बांधून पापण्यांवर ठेवायचा
आणि मला म्हणायचा, पुढचं तू वाच, मोठ्याने.
एका रात्री अकराला त्याची एग्झिट लागली.
सहाचं विमान.
का, ते कुणी सांगितलं नाही.
पुस्तक माझ्या उशीवर टाकत म्हणाला,
"वाचून झाली की दे परत."

कुठे, ते विचारायचं राहिलं.
नंबर बंद. गावाची नावं त्याने दोन सांगितली होती,
दारू न पिता एक आणि पिऊन एक.

पानं तीनशे अठ्ठ्याऐंशी.
मी तीनशे शहाऐंशीवर, अकरा वर्षं.
कंटाळवाणी नाही हो, उलट.
पण संपली तर जावक भरावी लागेल
आणि जावकेला पत्ता लागतो.

काल ऑडिटला नवा पोरगा आला, मुहर्रकचा.
रजिस्टर त्याच्या हातात उलट्या बाजूने पडलं.
लिपी कळेना, रकाने कळले.
चौसष्टवर पेन टेकवून म्हणाला,
हा माल इतकी वर्षं शिल्लक?
म्हटलं, शिल्लक.
दाखव.
खणातून काढून दिला.
त्याने तळहातावर तोलला,
एकदा डाव्या, एकदा उजव्या,
म्हणाला, पाचशे वीस असेल,
आणि हिरव्या शाईने बरोबरची खूण करून
पुढे गॅस्केटकडे वळला.

संध्याकाळी क्र. ९२ आली, कुणाच्या तरी बॅगेतून, केळफुलाला चिकटून.
वजन अजून केलेलं नाही.